‘सा’वरचा एक बिंदू आणि त्याचे दोन अर्थ

संगीताच्या जुन्या पुस्तकात ‘सा’ या अक्षराच्या डोक्यावर बिंदू दिसला, तर गळा वर न्यावा की खाली? पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या लिपीत तो तार सप्तकातला षड्ज, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या लिपीत मंद्र सप्तकातला. चिन्ह तेच, अंतर मात्र दोन सप्तकांचे!

दोघेही महाराष्ट्रीय, दोघांच्याही नावात ‘विष्णु’, आणि तळमळही एकच : घराण्यांच्या कंठात बंदिस्त असलेली विद्या देवनागरी अक्षरांत उतरवून सर्वांच्या हाती द्यावी. सात स्वरांची आद्याक्षरे तर आयतीच होती. प्रश्न उरला तो कोमल-तीव्र, सप्तक आणि काल दाखवणाऱ्या जादा चिन्हांचा. तंटा नेमका तिथेच आहे.

भातखंड्यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ दिली. पलुस्करांनी त्याचा पाय मोडला. (हलन्ताचा खिळा छापखान्यात आधीपासूनच असतो, ही सोय लहान नव्हे.) मध्यमावर उभी रेघ म्हणजे भातखंड्यांकडे तीव्र मध्यम, पलुस्करांकडे तार सप्तकातला मध्यम. भातखंडे गुणिलेचे चिन्ह समेवर घालतात. पलुस्करांकडे तेच स्वराखाली आले की चार मात्रा, आणि सम ‘१’ या अंकाने दाखवायची. भातखंड्यांचे शून्य म्हणजे खाली; पलुस्करांचे स्वराखालचे छोटे वर्तुळ म्हणजे अर्धी मात्रा.

याच्या मुळाशी कालाविषयीच्या दोन दृष्टी आहेत. पलुस्कर प्रत्येक स्वराखाली त्याचा काल लिहितात. भातखंडे तालाच्या मात्रा मांडून एका मात्रेतले स्वर खालच्या कंसात बांधतात. पलुस्करांची रीत अधिक काटेकोर, पण पान चिन्हांनी गजबजते. भातखंड्यांचे पान नजरेत चटकन भरते. नवशिक्याला तेच सोपे, असे माझे मत.

ही एकवाक्यता कोणाला सुचलीच नाही, असे नाही. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. समान स्वरलेखनपद्धती हा तिच्या उद्दिष्टांपैकी एक होता. ते बडोदेही या बाबतीत कोरे नव्हते. मौलाबक्षांनी आपली स्वतंत्र लिपी तिथल्या गायनशाळेत आधीच रुजवली होती.

पण तोवर वेळ टळली होती. पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय १९०१ मध्ये लाहोरला सुरू झाले होते. त्यांचा स्वतःचा छापखाना होता, छापलेली पुस्तके होती, त्याच लिपीत शिकून बाहेर पडलेले शिष्य होते. एक चिन्ह बदलायचे म्हणजे शिकवलेल्या माणसांना पुन्हा शिकवायचे. भातखंड्यांच्या बाजूने ‘क्रमिक पुस्तक मालिका’ उभी राहिली, १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज निघाले. १९३१ मध्ये पलुस्कर निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. दोन्ही लिप्यांना आता संस्था मिळाल्या, परीक्षा मिळाल्या. दोघांना बांधील असा निवाडा देणारे पीठ मात्र कुठेच नव्हते.

म्हणून आजही संगीताच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी दोन्ही लिप्या शिकतो, आणि अनोळखी पुस्तक हाती आले की बंदिशीआधी चिन्हपरिचयाचे पान उघडतो.