हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, वेळ निराळी

वर्गातील पृथ्वीगोल घ्या आणि हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा पाहून विद्यार्थी म्हणतात, दोरा पूर्वेकडे जाईल. प्रत्यक्षात तो आधी उत्तरेकडे चढतो, ६७ अक्षांशापर्यंत पोचतो आणि मग सायबेरियावरून खाली उतरतो. ही लांबी सुमारे ७,८०० कि.मी. भरते. ती बदललेली नाही. प्रवासाचा वेळ मात्र बदलत आला, आणि त्याला कारण दर वेळी विमानाचे इंजिन नव्हते.

शीतयुद्धाच्या काळात सायबेरियाचे आकाश पाश्चात्त्य विमानांना बंद होते. युरोपातून जपानला दक्षिण आशियातून, थांबत थांबत जावे लागे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाजवळून टोकियोची सेवा सुरू केली. अलास्कातील अँकरेजला इंधन घ्यायचे.

इथे खरी अडचण होती ती दिशेची. चुंबकीय ध्रुवाजवळ पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर भाग अगदी क्षीण होतो, त्यामुळे होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही. शिवाय रेखावृत्ते एकवटत असल्याने सरळ उडणाऱ्या विमानाचीही दिशा क्षणाक्षणाला बदलल्यासारखी दिसते! यावर उपाय म्हणून नकाशावर समांतर रेषांची वेगळी जाळी आखली आणि सुईऐवजी घूर्णदर्शीचा आधार घेतला.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली. आता थोडे गणित करू. हेलसिंकी ६० अक्षांशावर, टोकियो ३६ वर. ध्रुवापर्यंत ३० अंश, पुढे ५४; एका अंशाला १११ कि.मी. धरले तर ९,३२४ कि.मी. होतात. पण ध्रुवावरून सरळ उतरावे तर खाली पुन्हा सायबेरियाच! म्हणून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत वळसा घ्यायचा. अंतर साडेदहा हजारांच्या पुढे जाई, आणि वेळ सुमारे १३ तास.

हा वळसा हौसेचा नव्हता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन विमान मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मेली. स्वयंचालक यंत्रणा ठरलेल्या मार्गाऐवजी एकाच चुंबकीय दिशेने विमान नेत राहिली, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालाचा निष्कर्ष होता.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला. सायबेरियाचे आकाश मोकळे होत गेले, आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. हेलसिंकीच्या विमानतळाची भरभराट बरीचशी या जवळच्या वाटेवर झाली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियाने उलट तेच केले. मार्चमध्ये फिनएअरची एअरबस ३५० विमाने पुन्हा ध्रुवावरून टोकियोकडे जाऊ लागली. वेळ सुमारे १३ तास. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्रही मिळू लागले, १९८३ मध्ये मिळे तसेच.