सुलतानाचं फर्मान आणि महाडचं पाणी

भायखळ्याला खिलाफत हाऊस आहे. ईद-ए-मिलादचा जुलूस तिथनं निघतो, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण ही खिलाफत कुणाची, कुठली, आणि तिच्यासाठी मुंबईत एवढं रान का पेटलं होतं, हे आपल्या वस्तीत कुणी सांगत नाही. मी कॉलेजात गेलेलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं ते मांडतोय. चुकलं तर कान धरा.

खिलाफत म्हणजे खलिफाची गादी. ती तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाकडे होती. पहिल्या महायुद्धात सुलतान हरला, इंग्रज-फ्रेंच त्याचं राज्य वाटून घ्यायला बसले, तेव्हा इथले मुसलमान खवळले. १९१९ साली मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली. मियाँ महंमद छोटानी हे व्यापारी तिचे अध्यक्ष. १७ ऑक्टोबर १९१९ ला देशभर खिलाफत दिन पाळला गेला. गांधींनी तो प्रश्न उचलून धरला. आणि इकडे गादी वाचवायची धडपड चालू असताना तिकडे तुर्कांनी स्वतःच ती मोडून टाकली. १ नोव्हेंबर १९२२ ला सुलतानपद गेलं, ३ मार्च १९२४ ला खिलाफत गेली.

आता दुसरी तारीख बघा. बरोबर सहा दिवसांनी, ९ मार्च १९२४ ला, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढं मांडायला आपली स्वतःची संस्था पाहिजे, हा विषय. त्यातनंच २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण त्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न डोकं वर काढतो. सुधारणा वरनं येते की खालनं? आणि वरनं आली तर टिकते का?

उस्मानी राज्यानं या प्रश्नावर शंभर वर्षं घालवली. तिथला हिशेब आधी बघू.

सुलतानाची जानिसारी नावाची जुनी फौज होती. ख्रिस्ती घरांतली पोरं उचलून, त्यांना मुसलमान करून ती घडवलेली. पुढं तीच फौज सुलतानाला डोईजड झाली. तिसऱ्या सलीमनं नवी कवायती पलटण काढली, तर १८०७ साली त्यालाच गादीवरनं खाली ओढलं. दुसऱ्या महमूदनं धडा घेतला. जून १८२६ मध्ये त्यानं जानिसारींच्या बराकींवर तोफा डागल्या आणि ती फौजच संपवली. मग १८२९ ला त्यानं पोशाखाला हात घातला. तोवर पागोट्यावरनं माणसाचा धर्म आणि हुद्दा कळायचा. महमूदनं सरकारी नोकरांना सरसकट लाल फेज टोपी घालायला लावली. म्हणजे डोक्यावरची खूण पुसली. आपल्याला हे ऐकून बरं वाटतं, कारण अंगावर खूण वागवणं काय असतं ते आपल्या वाडवडलांनी भोगलंय. पण पुढची गंमत ऐका. १९२५ साली मुस्तफा केमालनं तीच फेज कायद्यानं बंद केली आणि हॅट घालायला लावली. एकानं चढवली, दुसऱ्यानं उतरवली. डोकं मात्र दोन्ही वेळा प्रजेचं.

महमूदचा पोरगा अब्दुल मजीद सोळाव्या वर्षी गादीवर बसला. ३ नोव्हेंबर १८३९ ला इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत त्याचं फर्मान वाचून दाखवलं. जिवाची, अब्रूची, मालमत्तेची हमी. करवसुलीचे मक्ते बंद. मुसलमान असो की ख्रिस्ती-यहुदी, ही हमी सगळ्यांना. १८५६ ला दुसरं फर्मान आलं, त्यात धर्मावरनं भेद करणार नाही असं आणखी ठासून सांगितलं. कागद फार सुंदर होते. पण ते का निघाले? राज्य पोखरलं होतं, युरोपातल्या सत्ता दारात उभ्या होत्या. १८५६ चं फर्मान तर पॅरिसला तहाची बैठक भरायच्या तोंडावर काढलं. सुधारणा पाहिजे होती ती गादी वाचवायला.

मग जमिनीवर काय घडलं? १८४७ ला इस्तंबूलचा गुलामांचा बाजार बंद झाला. बाजार बंद, पण खरेदी-विक्री घराघरांत चालू. बिगरमुसलमानांवरचा जिझिया गेला, त्या जागी लष्करात न जाण्याबद्दलचा कर आला. नाव बदललं, पैसे तेच भरत राहिले. १८५८ ला जमिनीचा कायदा आला. जमीन नावावर करून घ्या म्हणाले. कर वाढेल, पोरं फौजेत नेतील, या भीतीनं कित्येक गरीब कुळं पुढंच आली नाहीत, आणि जमिनी गावच्या बड्यांच्या नावावर चढल्या.

डिसेंबर १८७६ ला दुसऱ्या अब्दुल हमीदनं राज्यघटना दिली. पार्लमेंट भरलं. फेब्रुवारी १८७८ ला त्याच अब्दुल हमीदनं ते बंद केलं आणि १९०८ पर्यंत, तीस वर्षं, कुलूप लावून ठेवलं. ज्यानं दिली त्यानंच काढून घेतली. आणि ज्या आर्मेनियन लोकांना समतेची फर्मानं वाचून दाखवली होती, त्यांना १९१५ मध्ये घरादारातनं हाकलून लाखोंनी मारलं. फर्मान त्यांच्या उपयोगी पडलं नाही.

कुणी म्हणेल, राजा चांगला असला तर? आपल्याकडे होता. शाहू महाराजांनी १९०२ ला कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. कुठल्या परक्या सत्तेच्या धाकानं त्यांनी ते केलं नाही. पण त्यांचं खरं मोठेपण मला माणगावात दिसतं. मार्च १९२० च्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. राजानं आपल्या जागी दुसऱ्याकडे बोट दाखवलं! ६ मे १९२२ ला गिरगावात, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये महाराज गेले. राजा जातो. माणगावची माणसं मागं राहिली, म्हणून काम पुढं चाललं.

दादरला एस. के. बोले रोड आहे. रोज त्यावरनं जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत आपलं तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्यातलं घोटभर पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर चालत गेली, ओंजळीनं पाणी प्याली, तेव्हा तो ठराव खरा झाला. डोकी फुटली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. अब्दुल हमीदनं केलं तेच! फरक एवढाच की इथं माणसं मागं हटली नाहीत. डिसेंबरात पुन्हा महाडला जमली, मनुस्मृती जाळली. कोर्टात दहा वर्षं लढली आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

त्याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, लुगडं नेसायची तऱ्हा बदला, जातीची खूण असलेले दागिने टाका. बायकांनी ते मनावर घेतलं. मागं पोलीस नव्हता, दंड नव्हता. महमूदची टोपी आणि महाडचं लुगडं यातला फरक हाच.

आता धाग्यातल्या माणसाचं एक सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात पगार चांगला, पण तिथं अस्पृश्याला जागा नसे. कारण? नवी कांडी भरली की विणकर धोट्याच्या भोकातनं तोंडानं धागा ओढायचा. आपलं तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार तोंडाला लावणार कसा? सरकारचा तसा काही कायदा नव्हता. शेजारी उभा असलेला कामगार होता, लाल बावटा घेऊन हिंडणारा. माझा पणजा याच पायी जन्मभर कताईखात्यात राहिला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला आणि मागण्यांत घालायला लावला. तोवर समतेची भाषा सगळे बोलत होते.

म्हणून कागद फेकून द्या असं मी म्हणत नाही. बोल्यांचा ठराव नसता तर महाडला पाय ठेवायला जागा नव्हती. कागदानं वाट दिली, चालावं माणसांना लागलं. आपली राज्यघटना काही सुलतानाचं फर्मान नाही. ती आपल्यातल्या माणसाच्या हातची आहे, कलम १७ तिच्यात लिहिलंय. पण आपण तिला फोटोपुरती ठेवली, सणाला हार घातला आणि कुणीतरी वरचा ती राबवील म्हणून बसून राहिलो, तर आपणच तिचं फर्मान करून टाकू. मैला वाहायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ ला आला, २०१३ ला पुन्हा आला. दोनदा आला, तरी आपली पोरं गटारात उतरून गुदमरतात.

तेव्हा दोस्तांनो, कायदा वाचा, पाठ करा, खिशात ठेवा. आणि मग तो घेऊन चारचौघांनी मिळून तळ्यावर जा. तळी अजून पुष्कळ आहेत.