रुबेला : तपासणी कोणाची, लस कोणाला?

रुबेला हा लहान मुलांमध्ये सौम्य आजार आहे. थोडा ताप, अंगावर पुरळ, मानेमागे गाठी. काही दिवसांत मूल बरे होते. मग या आजारावर सरकारांनी एवढा खर्च का केला? आणि तो कोणावर करावा, याचे उत्तर वेळोवेळी का बदलले? या पाठात आपण हे पाहू.

पार्श्वभूमी

१९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती मांडली. त्यांपैकी ६८ बाळांच्या मातांना गरोदरपणात, बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत, रुबेला झाला होता. आई बरी होत होती, पण गर्भाचे डोळे, कान व हृदय घडत असतानाच विषाणू तेथे पोहोचत होता. १९६२ मध्ये हा विषाणू वेगळा करता आला. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बाळे या विकारासह जन्मली. १९६९ मध्ये तेथे लसीला परवाना मिळाला.

दोन मार्ग

अमेरिकेने सर्व लहान मुलामुलींना लस देण्याचे ठरवले. ब्रिटनने १९७० पासून केवळ शाळकरी किशोरींना लस दिली आणि पुढे गर्भवतींच्या रक्ततपासणीची जोड दिली. धोका गर्भाला आहे, तर मुलग्यांवर खर्च कशाला, असा हा हिशेब होता. वरवर तो स्वस्त वाटतो. त्यात दोन उणिवा होत्या.

पहिली : या लसीत क्षीण केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत. तपासणीत प्रतिपिंडे नाहीत असे कळले, तरी लस प्रसूतीनंतरच मिळते. म्हणजे फायदा पुढच्या बाळाला. पोटातले बाळ असुरक्षितच राहते. दुसरी : विषाणू लहान मुलांमध्ये फिरतच राहतो आणि घरातल्या मुलाकडून गर्भवतीपर्यंत येतो. शेवटी १९८८ मध्ये ब्रिटननेही मुलगे व मुली दोघांसाठी गोवर-गालगुंड-रुबेला लस सुरू केली.

खर्चाचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घ्या. १,००० स्त्रियांपैकी ९०० जणींत प्रतिपिंडे आधीच आहेत. उरलेल्या १०० जणी शोधण्यासाठी १,००० तपासण्या कराव्या लागतात. तपासणी लसीपेक्षा महाग असेल, तर गर्भधारणेपूर्वीच सर्वांना लस देणे स्वस्त पडते. प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीला त्या लसीने अपाय होत नाही. शिवाय आजार दुर्मीळ होत गेला, की तपासणीमुळे टळलेल्या प्रत्येक बाधित बाळामागचा खर्च वाढत जातो. इंग्लंडने १ एप्रिल २०१६ पासून गर्भवतींची ही तपासणी थांबवली. तोवर रुबेला तेथे अत्यंत दुर्मीळ झाला होता.

अर्धवट उपायाचा धोका

मात्र बालकांना लस सुरू केली, एवढ्याने काम भागत नाही. ग्रीसमध्ये अनेक वर्षे फार कमी बालकांना लस मिळाली. विषाणूचा फैलाव मंदावला; परंतु लस नाही आणि लहानपणी आजारही नाही, अशा मुली मोठ्या होऊन माता झाल्या. १९९३ मध्ये तेथे साथ आली आणि त्यानंतर बाधित बाळे जन्मली. अर्धी मोहीम अर्ध्या खर्चात पूर्ण नुकसान करू शकते.

भारत आणि तुम्ही

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तमिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथून गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांखालील मुलगे आणि मुली, दोघांनाही लस देण्यात आली. तुमच्यापैकी अनेकांनी ती शाळेतच घेतली असेल. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या मुलग्याला स्वतःसाठी त्या रुबेला लसीची फारशी गरज नव्हती. ती एखाद्या अनोळखी गर्भवतीच्या बाळासाठी होती.

विचार करा : अशा लसीचा लाभ मोजताना आपण कोणाकोणाला मोजले पाहिजे?