काल (आयुर्वेद व योग)

चरकसंहितेच्या नऊ कारणद्रव्यांत (मूळ द्रव्यांत) पंचमहाभूते, आत्मा, मन व दिशा यांच्यासह कालाची गणना होते. वैद्याला तो प्रत्यक्ष कामाचा : वर्षाऋतूत वाताचा प्रकोप, शरदात पित्ताचा, वसंतात कफाचा. सुश्रुतसंहितेत लघू अक्षर उच्चारण्यास लागणारा वेळ म्हणजे अक्षिनिमेष. १५ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला.

योगसूत्रांवरील व्यासभाष्य मात्र कालाला द्रव्य मानण्याच्या थेट उलट जाते. परमाणूला एक जागा सोडून पुढची गाठायला लागतो तो वेळ म्हणजे क्षण. दोन क्षण कधीच एकत्र नसतात. म्हणून मुहूर्त, अहोरात्र हे बुद्धीने रचलेले समूह, वस्तू नव्हेत. क्षण तेवढा खरा. दोन्ही शास्त्रे सरसकट एकाच तत्त्वज्ञानात बसवताना हा भेद सहसा निसटतो. क्षण व त्याचा क्रम यांवरील संयमाने (धारणा, ध्यान व समाधी एकत्र) विवेकजन्य ज्ञान होते, असे योगसूत्रांतील विभूतिपाद सांगतो.