आजीच्या वाकळेची तसबीर

आमच्या घरात सोन्याचांदीचे वंशपरंपरागत असे काही नाही. आहे ती आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली एक वाकळ. गेल्या पावसाळ्यानंतर ती ट्रंकेतून काढली, तो हाताला नुसते सूत लागले. आई म्हणाली, "हिचा एक फोटो तरी काढून ठेव रे. पुढच्या दिवाळीपर्यंत काही निभाव लागायचा नाही." कोणाचा, हे मी विचारले नाही.

वस्तूचे चित्र जपावे ही बुद्धी फोटोच्या जन्माबरोबरचीच आहे. इंग्लंडात टॅल्बटने १८४४ ते १८४६ या काळात 'पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढले. त्यात खरीखुरी छायाचित्रे चिकटवली होती. त्यांतले एक चिनी मातीच्या भांड्यांचे. सोबत त्याने लिहिले, की लेखी यादीला लागतो त्याहून थोड्याच जास्त वेळात असे चित्र होते, आणि उद्या चोराने भांडी नेलीच तर हा मुका साक्षीदार न्यायालयात उभा करता येईल. बहाद्दराला चोरच आठवला! कसर त्याच्या ध्यानात आली नसावी. त्याच पुस्तकात लेसच्या तुकड्याचेही चित्र आहे, तेही कॅमेऱ्याविना घेतलेले. रसायन लावलेल्या कागदावर लेस ठेवून ती प्रकाशात धरली. जिथे सूत तिथे कागद पांढरा राहिला, भोके काळी झाली.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक जाणते छायाचित्रकार. पण आपल्या घरांत फोटो काढायचा तो माणसांचा, तोही नवे कपडे घालून. वाकळेपुढे कॅमेरा कोण मांडणार?

मी मांडला, अर्थात मोबाइलचा. भर दुपारी काढलेल्या फोटोत रंग आले, पण टाके गडप झाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा घेतला, तेव्हा धावदोऱ्याचा प्रत्येक टाका आपापली सावली घेऊन उभा राहिला. मापासाठी शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवली. आई एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगे आणि मी वहीत लिहीत जाई. हे आजीचे इरकली. हा आजोबांचा पटका. हा खण माझ्या लग्नातला.

डाव्या कोपऱ्यात दोन बोटे रुंदीचा एक विटका गुलाबी तुकडा होता. "हे तुझ्या ताईचे झबले."

मी घरातला थोरला, असे मला पंचेचाळीस वर्षे ठाऊक होते.

"बारशाआधीच गेली," आई म्हणाली, आणि तिचे बोट पुढच्या ठिगळावर सरकले.

वहीत इतरांपुढे नावे होती. त्या तुकड्यापुढे मी 'झबले' एवढेच लिहिले. मग आम्ही दोघांनी चार कोपरे धरून वाकळ हलकेच उलटली, आणि मी पाठची बाजू घेतली.