वधूवरांचे वय आणि संततीची इच्छा

पूर्वी आपल्या साक्री भागात वधू वराहून बरीच लहान पाहिली जाई. दुष्काळ, पटकी व बालमृत्यू यांच्या भीतीने घरात पुष्कळ संतती असावी, हा त्यामागील एक हेतू असे. १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांची हेटाळणीच झाली. १९२९ च्या सारडा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीस १४ व मुलास १८ ठरविले. १९७८ मध्ये ते १८ व २१ झाले. तरीही विवाहामुळे हजेरीपटावरून गळालेली मुलींची नावे मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत. आज बहुतेक घरांना दोनच अपत्ये हवी असतात. हेतू सरला, परंतु लहान वधूचा आग्रह उरला. कारण संपल्यावर रूढी कशासाठी? ज्ञातिबांधवांनी स्थळ पाहताना प्रथम मुलीचे मत विचारावे.