घरची माकगॉली

माकगॉली, म्हणजे कोरियाची तांदळाची दारू, शिकवणाऱ्या सोलमधल्या कार्यशाळेत गार केलेला वाफवलेला भात आणि कुटलेलं नुरुक पाण्यात हाताने कालवताना मला सारखं जाणवत होतं, की हे साधं घरकाम इथे साठेक वर्षं बेकायदा होतं. नुरुक म्हणजे भरडलेला गहू ओला करून, दाबून, बुरशी धरेपर्यंत ठेवलेली वडी. कोरियाच्या जोसन राजवटीच्या काळात पितरांच्या पूजेला, पाहुण्यांना लागणारी दारू घरोघर आंबवत, आणि प्रत्येक घराची चव निराळी. जपानी वर्चस्वाखाली 1909 मध्ये मद्यकर आला, 1916 मध्ये तो आवळला गेला आणि 1934 मध्ये घरगुती परवानेच संपले. किती चवी तेव्हा कायमच्या गेल्या असतील!

स्वातंत्र्यानंतरही सुटका नव्हती. धान्यटंचाईमुळे 1960 च्या दशकात माकगॉलीत तांदूळ वापरायला बंदी आली. गव्हाचं पीठ आलं. बुसानच्या ग्युमजोंग डोंगरावरल्या गावाने मात्र पायांनी नुरुक तुडवणं सोडलं नाही. त्या हट्टाला 1979 मध्ये सरकारी मान्यता मिळाली. स्वतःपुरती घरी करायची मोकळीक 1995 ची.

2021 मध्ये माकगॉली करण्याची रीत राष्ट्रीय अमूर्त वारसा ठरली, तेव्हा धारक म्हणून कुणा एकाला नेमलं नाही, कारण ती देशभर सगळेच करतात. मला हा निर्णय फार न्याय्य वाटतो.